थंडीत तगणाऱ्या कोंबड्या

कोंबड्यांचा विषय आमच्या घरात पहिल्यांदा काढला तो माझ्या नवऱ्याने, संध्याकाळी जेवायला बसलो असताना.

"उणे तीसमध्येसुद्धा कोंबडी जगते, माहितीये?" तो म्हणाला. "बाहेर, खुराड्यात. आत हीटर वगैरे काही नाही."

मी मुलीच्या ताटात भात वाढत होते. विषुववृत्ताजवळच्या या बेटावर, सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, पंखा पूर्ण वेगाने फिरत होता आणि तरीही तिघांच्या कपाळावर घाम होता. मला हसू आलं. "कोण पाळतं उणे तीसमध्ये कोंबड्या?"

"पाळतात. जात बरोबर निवडावी लागते."

एवढं बोलून तो जेवत राहिला. मला वाटलं, फोनवर काहीतरी वाचलं असेल. तो बेटाच्या पश्चिम टोकाला, तुआसच्या एका शिपयार्डात इंजिनियर होता. समुद्रातून तेल काढायचे अवाढव्य प्लॅटफॉर्म तिथे बांधत. कोंबडीशी त्याचा संबंध रविवारच्या रश्श्यापुरता, अशी लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझी समजूत होती.

त्या वर्षी तेलाचे भाव खाली आले होते आणि वर चढायचं नाव घेत नव्हते. यार्डातलं काम आटत चाललं होतं. आधी ओव्हरटाइम गेला, मग कंत्राटी माणसं गेली, मग त्याच्या आजूबाजूच्या टेबलांवरची. सुरुवातीला कोणी सोडून चाललं की सगळे मिळून हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर जेवायला जायचे, फोटो काढायचे, तो ते मला पाठवायचा. पुढे ती जेवणं बंद झाली. सोमवारी एखादी खुर्ची रिकामी दिसायची आणि कोणी काही विचारायचं नाही. हे तो मला रोज सांगायचा, पण टीव्हीवरची बातमी सांगावी तसं, स्वतःला त्यात न धरता.

आम्ही दोघंही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी होतो, त्यामुळे नोकरी गेली तरी लगेच सामान बांधावं लागणार नव्हतं. मी शहरातल्या एका कंपनीत अकाउंट्स बघत होते, घर चाललं असतं. शिवाय काही वर्षांपूर्वी, ओळखीतले सगळे करत होते म्हणून, आम्ही कॅनडासाठीही अर्ज करून ठेवला होता. तो नेमका त्याच सुमारास मंजूर झाला. नवऱ्याचा कॉलेजातला एक मित्र तिकडे सस्कॅचवानला स्थायिक झाला होता. गावाबाहेर जमीन, जुनं लाकडी घर आणि मागे एक मोकळं पडलेलं धान्याचं कोठार.

"ये रे इकडे," तो एकदा फोनवर म्हणाला. "कोठारात कोंबड्या पाळू. अंडी विकू."

मी शेजारीच बसले होते. मित्र हसत होता, मलाही गंमत वाटली. माझा नवरा हसला नाही. त्याने विचारलं, "कोठाराला वारा कुठल्या बाजूने लागतो?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसायला लागला आणि मुलगी त्याला चिकटून. ती दहा वर्षांची होती. तिला हा खेळ फार आवडला. स्क्रीनवर एकेक कोंबडी यायची आणि तिने पास की नापास ते सांगायचं.

"लेगहॉर्न," तो म्हणाला. पांढरीशुभ्र कोंबडी, डोक्यावर उभा लालभडक तुरा.

"सो प्रिटी. पास."

"नापास. तुरा बघ केवढा आहे. तुऱ्यावर पिसं नसतात. थंडीत तो सगळ्यात आधी गोठतो. टोकं काळी पडतात आणि मग झडून जातात."

"वा, पेनफुल लाह," ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली.

"दुखतं. पण कोंबडी ओरडत नाही. ती दुखणं दाखवतच नाही. दाखवलं तर बाकीच्या टोचून मारतात."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अरे, ती लहान आहे." पण तोवर तो पुढच्या जातीकडे वळला होता.

त्याचं म्हणणं असं की तुरा जितका बसका तितकी कोंबडी थंडीला चांगली. वायनडॉटचा तुरा डोक्यावर चेपून बसवल्यासारखा. ब्रह्माचा तर वाटाण्यांची ओळ असावी एवढाच, पण तिच्या पायांवर पिसं असतात. त्यांना चिखल लागला की तिथेच बर्फाचे गोळे धरतात. ऑर्पिंग्टन अंगाने उशीसारखी गुबगुबीत. मुलीला तीच सगळ्यात आवडली, पण तो त्या कोंबडीला अर्धेच मार्क द्यायचा. शँटेक्लेर नावाची एक जात तर कॅनडातच, खास तिथल्या थंडीसाठी तयार केलेली. तिला तुरा जवळजवळ नाहीच, आणि चोचीखालच्या लोंबत्या लाल पाळ्याही नखाएवढ्या.

"हिच्यात गोठण्यासारखं काही शिल्लकच ठेवलेलं नाही," तो म्हणाला. हे त्याने इतक्या कौतुकाने म्हटलं की मला कसंतरीच झालं.

"पण हीटर लावला तर काय बिघडतं?" मी विचारलं. "निदान एखादा दिवा तरी."

"दिव्याची सवय झाली की अंग तयारच होत नाही. आतली पिसं दाट होत नाहीत. आणि मग एक दिवस लाईट जाते."

"तिथे कुठे लाईट जाते?"

"सगळीकडे जाते," तो म्हणाला. त्याने मुलीला दात घासायला पिटाळलं, आणि मग, लग्नानंतर पहिल्यांदाच, मला ते सांगितलं.

साताऱ्याजवळच्या त्यांच्या गावात सासऱ्यांनी एकेकाळी पोल्ट्री काढली होती आणि ती बुडाली, एवढं मला माहीत होतं. कशी बुडाली ते सासरी कोणी बोलत नसे. तो सातवीत होता. जानेवारीत नवीन पिल्लं आली होती. शेडमध्ये पत्र्याच्या छत्रीखाली बल्ब लावून त्यांना ऊब देत. एका रात्री लाईट गेली आणि जनरेटर चालू झाला नाही. गारठलेली पिल्लं उबेसाठी एका कोपऱ्यात घुसली आणि एकमेकांवर चढली. सकाळी सासऱ्यांनी दार उघडलं तेव्हा कोपऱ्यात पिवळा ढीग होता. वरच्या थरातली पिल्लं चिवचिवत होती. खालची थंडीने मेली नव्हती. वरच्यांच्या वजनाने गुदमरली होती.

"पोती भरायला मला लावलं," तो म्हणाला. "आतली अजून गरम होती. इतका गारठा होता ना, की हातांना बरं वाटत होतं."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो तसाच राहू दिला, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या हाताने लॅपटॉप परत उघडला.

आमच्या ब्लॉकच्या आसपास रानकोंबड्यांचं एक टोळकं फिरायचं. सेम्बावांगच्या त्या भागात झाडी बरीच, त्यामुळे ती कुठून येत आणि कुठे झोपत कोणाला ठाऊक नव्हतं. सुट्टीच्या दिवशी नवरा खाली जाऊन बाकावर बसायचा आणि त्यांच्याकडे बघत राहायचा. शेजारी एक चिनी म्हातारे बसलेले असायचे. आम्ही सगळेच त्यांना अंकल म्हणायचो. लहानपणी त्यांच्या घरी कोंबड्या होत्या, त्यामुळे दोघांचं जमायचं.

एकदा मी त्याला जेवायला बोलवायला खाली गेले. कोंबडा गवताच्या कडेला उभा होता, उन्हात त्याचा तुरा पेटल्यासारखा दिसत होता.

"हा तुरा," नवरा मला म्हणाला, "तिथे पहिल्याच आठवड्यात जाईल."

अंकलनी काय म्हणाला ते विचारलं. त्याने इंग्रजीत सांगितलं. अंकल म्हणाले, "तो इथलाच आहे. त्याला तिथे कोण पाठवतंय?" आणि पेपर वाचायला लागले. नवरा त्यांच्याकडे असा बघत राहिला की जणू त्यांनी काही भलतंच विचारलं होतं.

पुढे कोणीतरी पहाटेच्या आरवण्याची तक्रार केली. मुलगी शाळेतून आली ती हे सांगतच, की खाली एक व्हॅन आली होती, माणसांच्या हातात जाळी होती आणि त्यांनी सगळ्या कोंबड्या खोक्यांत भरल्या.

"ऑल?" मी विचारलं.

"ऑल. इव्हन द बेबीज."

नवरा आत बसला होता. त्याने तिथूनच विचारलं, "ओरडल्या का?"

"नो. सो क्वायट, बाबा."

तो दुपारचा घरी होता हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मीच तापामुळे रजेवर होते आणि दिवसभर झोपले होते. बाहेरच्या खोलीत एका खोक्यात त्याचं हेल्मेट आणि सेफ्टी शूज होते.

"झालं," तो म्हणाला. "आज माझं झालं."

त्यानंतरचे काही महिने तो अर्ज करत होता. इंटरव्ह्यू थोडे आणि उत्तरं त्याहून थोडी. कोंबड्यांचं वाचन मात्र सुरू होतं. खुराड्याची चित्रं तो यार्डातल्या ड्रॉइंगसारखी काटेकोर काढायचा. हवा जाण्यासाठी छताखाली फट, कारण थंडीपेक्षा ओल वाईट. श्वासाची आणि विष्ठेची वाफ आत कोंडली की तुरे गोठतात. बसायचा दांडा गोल नको, रुंद फळी हवी, म्हणजे कोंबडी पायांवर अंग टाकून बसते आणि बोटं झाकली जातात. खाली भुशाचा जाड थर. हे सगळं ऐकायला बरं वाटायचं. त्यात कुठेतरी पुढचा विचार आहे असं मी स्वतःला सांगायचे. फक्त सुरुवातीला त्या चित्रांत घर असायचं, अंगण, मुलीच्या झोपाळ्याची जागा. हळूहळू कागदावर एकटं खुराडं उरलं.

मग त्याला काम मिळालं, तेही तुआसलाच. एका शीतगोदामात यंत्रांची देखभाल. परदेशातून आलेलं गोठवलेलं मांस तिथे छतापर्यंत रचलेलं असायचं.

"जास्त करून कोंबड्याच आहेत," पहिल्या दिवशी घरी आल्यावर तो म्हणाला, आणि हसला. खूप दिवसांनी हसला होता. मला मात्र हसू आलं नाही.

बाहेर इथलं ऊन, आत उणे वीस आणि मधे एक जाड दार. आत जाताना जाड कोट, हातमोजे, कानटोपी. आत किती वेळ थांबायचं याचा नियम होता. तो घरी येऊन, आज किती वेळ आत होतो, ते सांगायचा. मी आधी नीट लक्ष दिलं नाही. मग जाणवलं, की तो वेळ वाढत चाललाय. मग जाणवलं, की तो हातमोज्यांबद्दल बोलेनासा झालाय. त्याच्या बोटांची पेरं फुटली होती. भाकरी मोडताना त्यातून रक्त यायचं.

"हातमोजे घालत नाहीस का?"

"सवय करतोय," तो म्हणाला. "अंगाला कळायला हवं."

घरी तो एसी अगदी खाली लावून, वर काहीही न घेता झोपायला लागला. मुलीला सर्दी झाली म्हणून मी तिला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपू लागले. सकाळी त्याच्या खोलीचं दार उघडलं की पायांवर गार हवा यायची. तो भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडलेला असायचा. जागाच असायचा.

एका संध्याकाळी त्याने जाहीर केलं, की डिसेंबरात कॅनडाला जायचं.

"डिसेंबरात?" मी म्हटलं. "लोक उन्हाळ्यात जातात. शाळा, घर, थोडं रुळायला वेळ मिळतो."

"उन्हाळ्यात गेलं की उन्हाळ्याचीच सवय होते."

"अरे, आपण माणसं आहोत."

"मग?"

मुलगी टेबलाशी बसून चित्र रंगवत होती. विषय बदलावा म्हणून ती ते घेऊन त्याच्याकडे गेली. तिची लाडकी ऑर्पिंग्टन होती, गळ्यात मफलर घातलेली. त्याने चित्र हातात घेतलं, नीट बघितलं आणि म्हणाला, "ही पहिल्या हिवाळ्यात जाईल." मुलीचे डोळे भरले. तो तिच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता, खंत नव्हती. समोर कोणी रडतंय हे त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून कॅनडाच्या मित्राला फोन केला. वाटलं, तोच याला समजावेल. तो झोपेतून उठला होता, पण नीट बोलला.

"अगं, मला वाटलं तो विसरून गेला असेल," तो म्हणाला. "बऱ्याच दिवसांत त्याचा फोनच नाही. शेवटचा केला होता तेव्हा एक विचित्रच विचारलं त्याने."

"काय?"

"विचारलं, कोठारात माणूस राहू शकेल का. हीटरशिवाय. मी म्हटलं, वेडा आहेस का तू. त्यावर त्याने फोन ठेवला."

मी जिन्यात उभी राहून बोलत होते. फोन झाल्यावर मला आत जाऊन कामाला बसता येईना. मी त्याला मेसेज केला, जेवलास का. त्याने लगेच उत्तर दिलं, हो. मी स्वतःची समजूत घातली, की मित्राला वाटलं तसं काही नसेल. इंजिनियर माणूस, काहीही विचारतो. घरी गेल्यावर मी त्याला डॉक्टरकडे चल म्हटलं. तो म्हणाला, "मला काय झालंय?" आणि खरंच, ताप नाही, दुखणं नाही, कामावर वेळेवर जातो, वेळेवर येतो. काय झालंय ते मलाही सांगता आलं नाही. मी तरीही पुढच्या आठवड्यातली वेळ घेऊन ठेवली.

त्याआधीच फोन आला. दुपारची वेळ होती. नंबर अनोळखी, बोलणारा त्याचा सुपरवायझर. इंग्रजीत अगदी सावकाश बोलत होता, लहान मुलाशी बोलावं तसं.

"मॅडम, तो ठीक आहे. पण तुम्ही हॉस्पिटलला या."

टॅक्सीत मी मुलीच्या मैत्रिणीच्या आईला फोन करून मुलीला शाळेतून घरी न्यायला सांगितलं. रस्त्यावर लखलखीत ऊन होतं, ड्रायव्हरने काचा बंद करून एसी लावला होता. मी त्याला एसी बंद करायला सांगितलं. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि बंद केला.

सुपरवायझर कॉरिडॉरमध्ये उभा होता, कामाच्या कपड्यांतच. त्याने जे घडलं ते सांगितलं. जेवणाच्या सुट्टीनंतर नवरा दिसला नाही. मग फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला त्याचा कोट आणि हातमोजे दिसले, गोदामाच्या दाराबाहेर, खुंटीला व्यवस्थित टांगलेले. ते लोक आत धावले. शेवटच्या रांगेत, खोक्यांना पाठ टेकून तो खाली बसला होता. अंगात शर्ट, गुडघे छातीशी, हात काखेत. जागा होता. त्याला उचलायला गेले तर म्हणाला, अजून थोडं थांबा.

"दार आतून उघडतं, मॅडम," सुपरवायझर म्हणाला. "ते कधीच अडकत नाही. आतून कधीही उघडतं." तो हे पुन्हा पुन्हा सांगत होता. आपल्यावर ठपका येईल म्हणून सांगतोय असं मला आधी वाटलं. पण त्याचा चेहरा बघितल्यावर कळलं, की त्याला जे समजलं होतं तेच त्याला मला सांगायचं होतं, आणि ते दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता येत नव्हतं.

नवरा पलंगावर होता. अंगावर गरम हवेचं फुगवलेलं पांघरूण, हात बाहेर, बँडेजमध्ये. ओठांना रंग नव्हता. मी खुर्ची ओढून बसले.

"काय करत होतास?"

"बघत होतो."

"काय?"

"किती वेळाने सवय होते ते." त्याचा आवाज जड येत होता. "होत नाही. आधी हात दुखतात. मग दुखायचे थांबतात. मग बरं वाटायला लागतं. तेवढ्यात ते आले."

नर्स येऊन काहीतरी बघून गेली.

"तुला बाहेर यायचं होतं का?" मी विचारलं.

त्याने छताकडे बघितलं. मग म्हणाला, "माहीत नाही."

आजवर त्याने मला जे जे सांगितलंय, त्यात याहून भीतीदायक काही नव्हतं. आणि त्याने खोटं सांगितलं नाही, याचं त्याच क्षणी मला हायसंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिले, कारण हात धरता येत नव्हते.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनीही त्याला तेच विचारलं आणि त्याने त्यांनाही तेच उत्तर दिलं. मग मानसोपचाराच्या डॉक्टर आल्या. काही दिवस त्याला तिथेच ठेवून घेतलं. नैराश्य, त्या म्हणाल्या. नोकरी गेली तेव्हाच सुरू झालं असेल, कदाचित त्याच्याही आधी. गोळ्या सुरू झाल्या. बोटं वाचली, दोन बोटांची टोकं मात्र बधिर राहिली, ती आजही तशीच आहेत. मुलीला आम्ही सांगितलं, की बाबा कामावर आजारी पडला. "फ्रॉम द कोल्ड?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

सासूबाई गावाहून आल्या. विमानात पहिल्यांदाच बसल्या होत्या, पण आल्या त्या थेट त्याच्या पलंगाशी. त्याला घरी आणल्यावर त्या रोज सकाळी कोमट तेलाने त्याची बोटं चोळायच्या. एकदा मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं.

"तुझे वडील पण असेच बसायचे," त्या म्हणाल्या. "पोल्ट्री गेल्यावर. रिकाम्या शेडात, दिवसच्या दिवस."

"मला आठवतं," तो म्हणाला. "मीच जेवायला बोलवायला जायचो. उठायचे नाहीत."

"हो रे बाबा."

"मग कसे उठले?"

"कसे म्हणजे? रोज जाऊन हाताला धरून उठवायची मी. काही दिवस उठायचे, काही दिवस नाही. मग एक दिवस आपले आपण जेवायला आले. का आले ते काही मला कळलं नाही बघ."

मी भाजी ढवळत राहिले. मग त्याच्या रडण्याचा आवाज आला, आणि सासूबाई त्याला गप्प राहा म्हणाल्या नाहीत.

बरं व्हायला वर्षभर लागलं, तेही कधी पुढे, कधी मागे. शीतगोदामाची नोकरी सोडली. कॅनडाचं आम्ही जाऊ दिलं. मंजुरीची मुदत संपायची तशी संपली. मुलीच्या शाळेसाठी आम्ही त्याच बेटावर, सेरंगूनला घर घेतलं, आणि त्याला एका तंत्रशाळेत शिकवायचं काम मिळालं. सुरुवातीला तो वर्गातून येऊन तासभर अंधारात पडून राहायचा. मी दर अर्ध्या तासाने काहीतरी निमित्त काढून त्या खोलीत डोकावायचे. त्याला ते कळायचं. एकदा म्हणाला, "दार उघडंच ठेवतो. सारखी उठू नकोस."

कॅनडाच्या मित्राने मात्र खरोखरच कोंबड्या घेतल्या. जाती माझ्या नवऱ्यानेच सुचवलेल्या, खुराडंही त्याच्या ड्रॉइंगवरून. हा विषय पुन्हा सुरू झाला तेव्हा मला धास्ती वाटली. डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या, तो बोलतोय ना, बोलू दे. तिकडचा पहिला हिवाळा सरत आला तेव्हा मित्राचा फोन आला. आम्ही जेवण आटोपून बसलो होतो. नवऱ्याने फोन स्पीकरवर टाकला.

"सगळं तू म्हणालास तसं केलं," मित्र म्हणाला. "हवा वरून खेळती, रुंद फळ्या, हीटर नाही. उणे पस्तीस झालं रे, तरी राहिल्या. एकच गेली."

"कुठली?"

"एक वायनडॉट. थंडीचं कारण नसावं. बाकीच्या तिला टोचायच्या, फळीवर चढू द्यायच्या नाहीत. खाली दाराशी बसायची."

नवरा पुढे वाकला. "किती दिवस?"

"असेल आठवडाभर."

"तू बघत होतास?"

"रोज दाणे टाकायला जातो ना."

"मग घरात का नाही आणलीस तिला?"

मित्र गोंधळला. "अरे, तूच म्हणाला होतास ना, की उबेची सवय लागली की..."

"आणायची होतीस," नवरा म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मुलगी तिच्या खोलीतून बाहेर येऊन उभी राहिली. "ती तशी बसलेली दिसली की आणायचं. खोक्यात घालून स्वयंपाकघरात ठेवायची. पुढचं पुढे बघायचं."

मित्र बरं म्हणाला. दोघं इकडचं तिकडचं बोलले आणि फोन संपला. नवरा उठला आणि चपला शोधायला लागला.

"कुठे निघालास?" मी विचारलं.

"खाली. जरा चालून येतो."

मी काही बोलणार तोच मुलगी म्हणाली, "मी पण येते." एरवी ती इंग्रजीतच बोलते. तो दाराशी थांबला. तो नको म्हणेल, एकटाच जाईल, असं मला वाटत होतं.

"चला दोघी," तो म्हणाला.

आम्ही तिघं लिफ्टने खाली उतरलो. ब्लॉकला वळसा घालून मॉलच्या बाजूच्या रस्त्याने चालत राहिलो. तो मधे होता. मुलगी त्याला शाळेतलं काहीतरी सांगत होती, तो हं हं म्हणत होता. खरंच ऐकत होता की नाही, हे कळायला मी सारखी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. कोपऱ्यावर सिग्नल लाल झाला. ती बोलता बोलता तशीच पुढे निघाली होती. त्याने तिच्या दंडाला धरून तिला मागे ओढलं.